सरासरीचं कालवण

मी एका तेल कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकामाच्या खर्चाच्या विभागात आहे. गोष्ट 2024 च्या फेब्रुवारीतली. उरणच्या बाजूला खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात वाईट बातमी द्यायला गेलो होतो. मासळी सुकवायच्या सिमेंटच्या ओट्यासाठी आम्ही मंजूर केलेली रक्कम अर्धी झाली होती.

सोसायटीच्या हॉलमध्ये वीसेक बायका बसल्या होत्या. मी 'बजेटची अडचण' एवढंच म्हणालो आणि पुढच्या रांगेतल्या मावशींनी टोपलीखालून वर्तमानपत्र काढलं. आदल्या दिवशीचं होतं, बोंबलाच्या पाण्याने भिजलेलं. तेल कंपन्यांना विक्रमी नफा, असा मथळा.

"साहेब, मंग ह्ये काय?"

काय सांगणार? कंपनी कायद्याचं कलम 135 आणलं. मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के समाजकामावर खर्चायचे. ही मागची तीन वर्षं. चालू वर्ष त्यात नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, पंपावरचे दर मात्र गोठलेले. ते वाईट वर्ष आता आमच्या सरासरीत बसलं होतं. आज नफा धो धो, पण तो या हिशोबात पुढच्या वर्षी येणार, तोही तीन वर्षांत वाटून.

मावशींनी क्षणभर विचार केला. "म्हंजे दोन वर्सामागं जाळं रिकामं आलं म्हणून आज कालवण पातळ?"

हॉल हसला. मीही हसलो, कारण इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. मुख्यालयातल्या सादरीकरणात 'सीएसआरमुळे नफा वाढतो' अशी एक स्लाइड हमखास असते, सीएसआर खर्चाच्या आणि नफ्याच्या, वर चढणाऱ्या दोन रेषांची. आपल्याकडे त्या रेषा बरोबरीने चढणारच. नफ्याची टक्केवारी काढूनच तर खर्च ठरतो! कोण कोणाला ओढतंय हे त्या स्लाइडवरून कळत नाही. ही शंका मी साहेबांकडे कधी काढली नाही, हेही खरं.

हसू ओसरल्यावर एका तरुणाने कोपऱ्यातलं जाळं ओढून आणलं. डोलीचं, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, गेल्या नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा टाकलं तेव्हाचं. शेपटाकडच्या बारीक आसात, म्हणजे छिद्रांत, काळे, चिकट गोळे अडकलेले. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर असे डांबरगोळे लागतातच. मी एक चिमटीत धरला. बाहेरून वाळूचं कवच, आत मऊ. दाबला की बोटाला रस्त्याच्या कामाचा वास.

"रॉकेल लावून पुसलं, तरी जाळं वाया गेलं. याची भरपाई तुमच्या त्या दोन टक्क्यांतून द्या."

ते होणार नव्हतं. तेल कोणाचं, हे प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय सांगता येत नाही. वाटेतल्या एखाद्या जहाजाने टाक्या धुऊन सोडलेलंही असू शकतं. आणि समजा आमचंच निघालं, तर भरपाई हे कंपनीचं कायदेशीर देणं. कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरच्या खर्चात धरता येत नाही. माझ्या मते हा नियम चांगला आहे, नाहीतर दंडसुद्धा दान म्हणून छापले गेले असते. पण वाया गेलेलं जाळं हातात धरलेल्या पोराला नियम चांगला आहे हे कसं सांगायचं? नाही सांगितलं. फोटो काढले, गोळे डब्यात भरून घेतले, पर्यावरण विभागाला पाठवतो म्हणालो. त्याने "पाठवा" म्हटलं आणि जाळं परत कोपऱ्यात लोटलं.

निघताना मावशी ओट्याच्या जागेपर्यंत आल्या. पायानेच रेघ मारून दाखवली.

"अर्धा तर अर्धा. पन खाडीकडं उतार द्या. मागल्या येळच्या विंजिनेराने देवळाकडं दिला होता. पाणी साचून जवळा सडला आमचा."

मी नकाशावर बाण काढून घेतला. कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उठला. अंगठ्यावरचा डाग घरी गेल्यावर खोबरेल लावूनही निघेना.