फिलिस डिलरचं पोलादी कपाट

१७ जुलै

आज अमेरिकन स्टँड-अप विनोदकार फिलिस डिलरचा जन्मदिवस. १९१७ साली ओहायोतल्या लायमा गावी जन्मली. ७ मार्च १९५५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' या नाइटक्लबमध्ये पहिल्यांदा माइकसमोर आली, तेव्हा वय ३७ आणि घरात पाच मुलं. तोवर रेडिओसाठी जाहिराती लिहायची. कमी शब्दांत मुद्दा गाठायची सवय तिथलीच असणार, असं मला वाटतं.

स्वतःची टर उडवणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ती मनातली सल उघडी करतेय. डिलरच्या बाबतीत हे साफ चूक आहे. विस्कटलेले केस, चमचमता ढगळ झगा, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, सगळं ठरवून घेतलेलं सोंग. बांधा चांगला होता, म्हणूनच तो झाकायचा. दिसला असता तर 'मी हडकुळी, सपाट' हा विनोद तिथेच पडला असता. लांब नळीतली सिगारेट लाकडाची, कारण ती धूम्रपान करतच नव्हती. विनोदांतला नवरा 'फँग' तर निव्वळ काल्पनिक.

या प्रकारात सर्वांत मोठा धोका कीव येण्याचा. प्रेक्षकाच्या तोंडून 'अरेरे' निघालं की हशा संपला. डिलर टोला मारून स्वतःच खदाखदा हसायची. बाईला काही लागलेलं नाही, हे समोरच्याला लगेच कळायचं आणि तो मोकळेपणी हसायचा.

दुसरा धोका वाक्याच्या शेपटाचा. हशाचा शब्द अगदी शेवटी हवा, त्यानंतर एक अक्षरही नको. मराठीत हे जास्त अवघड, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. 'माझ्या पोळ्यांवरून मुलांनी महाराष्ट्राचे जिल्हे पाठ केले आहेत' यात 'जिल्हे' मधेच फुटतो आणि पुढचे तीन शब्द हशाखाली चिरडतात. क्रियापद पुढे ओढायचं: 'माझ्या पोळ्यांवरून मुलांनी पाठ केले महाराष्ट्राचे जिल्हे.' बोलताना हे कानाला खटकतही नाही.

तिने मंच सोडला २००२मध्ये, ८४व्या वर्षी. पुढच्याच वर्षी विनोदांचं पोलादी कपाट स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाला दिलं. ३ बाय ५ इंचांची ५० हजारांहून जास्त कार्डं, विषयवार, वर्णानुक्रमे लावलेली. त्यात इतरांकडून घेतलेले विनोदही आहेत, आणि अशा कितीतरी कार्डांवर पुरवणाऱ्याचं नाव टाइप केलेलं आहे.