पांढरी रेघ

ओकायामा हे नाव मला जपानी शिकायला लागायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग पुणे-ओकायामा मैत्रीची म्हणून केलेली आहे, आणि लहानपणी तिथले मासे बघायला आम्ही नेहमी जायचो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षानंतर दोन महिने कामाच्या अनुभवासाठी मला ओकायामातलंच एक ट्यूनिंग गॅरेज (गाड्यांची ताकद वाढवून देणारं) मिळालं, तेव्हा ते गाव कुठलं हे आईला सांगावं लागलं नाही.

गॅरेज लहान होतं. मालक, त्यांना सगळे 'शाचो' (म्हणजे कंपनीचे प्रमुख) म्हणत, एक सीनियर मेकॅनिक आणि मी. पहिले दोन आठवडे मी झाडलोट केली, सुटे भाग धुतले, पाने जागच्या जागी लावले. तिसऱ्या आठवड्यात शाचोंनी माझ्या हातात पांढरा पेंट मार्कर दिला. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक सलग रेघ ओढायची. पुढे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. इतका साधा उपाय आहे. पण तिथे त्या रेघेला आणखी एक अर्थ होता. ज्यानं ती ओढली त्यानं काम पूर्ण केलंय, दुसऱ्यानं पुन्हा बघायची गरज नाही.

पाचव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी आमच्याकडे निस्सानची आर-32 स्कायलाइन जीटी-आर होती. या गाडीविषयी मला लिहायला फार आवडतं, पण आवरतं घेतो. 1989 ची गाडी, 2.6 लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे पंखे). जपानच्या ग्रुप ए शर्यतींत 1990 ते 1993 या चार मोसमांत एकूण 29 शर्यती झाल्या आणि त्या सगळ्या हिनंच जिंकल्या. कागदावर मात्र ताकद 280 अश्वशक्तीच, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असं जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं. हे बंधन 2004 पर्यंत चाललं.

गाडीच्या मालकाला रविवारी ती ओकायामाच्या सर्किटवर न्यायची होती. 1994 आणि 1995 मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली तेच हे सर्किट. त्याला 400 अश्वशक्ती हवी होती. शाचोंनी सरळ नाही म्हटलं. मूळ टर्बोंमधली एक्झॉस्टच्या बाजूची चाकं सिरॅमिकची असतात. वजनाला हलकी, म्हणून पटकन वेग घेतात, पण दाब फार वाढवला तर फुटतात. टर्बो बदलायचे नसतील तर 0.9 किलोच्या पुढे बूस्ट मिळणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. (बूस्ट म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब. तिथे तो 'किलो'तच मोजतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो.)

सकाळी मी इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग, काढून धुतला. टर्बोतून येणाऱ्या तेलाचा अंश त्यात वर्षानुवर्षं साचत जातो. आतून निघालेलं पाणी काळं होतं. मग तो परत बसवला, रबरी होज (नळ्या) चढवले, क्लिपा आवळल्या. होज चढवण्याआधी पाइपाचं तोंड पार्ट्स क्लीनर मारून कोरडं करायचं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीन तोंडांवर मी तसं केलं. चौथ्याच्या वेळी डबा पलीकडच्या टेबलावर राहिला होता आणि जेवायची सुट्टी व्हायची वेळ आली होती. मी नुसतं फडक्यानं पुसलं, क्लिप आवळली आणि रेघ ओढली.

दुपारी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चढली. मागची चाकं काढून हब (चाक बसतं तो मधला भाग) थेट मशीनला जोडतात, आणि या गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना जात असल्यानं पुढच्या चाकांकडे ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट उतरवावा लागतो. शाचो कानाला हेडफोन लावून बसले. इंजिन ब्लॉकवरच्या सेन्सरमधून नॉकिंग (पेट्रोल भलत्या वेळी पेटल्याचा ठोका) ऐकायला ते हेडफोन असतात. लॅपटॉपवर आकडे दिसत असले तरी त्यांचा भरवसा कानांवर. मूळ बूस्टवरचा पहिला रन स्वच्छ गेला. दुसरा 0.9 वर. आवाज चढत गेला, मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास 'फट्ट' असा बार झाला, मागून काळा धूर आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं.

होज निसटला होता. माझाच, चौथा.

काळा धूर का आला, ते सांगतो. या गाडीत आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. मोजलेली हवा वाटेतच बाहेर गेली, पण पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबानं पडत राहिलं. त्यानं इंजिनाला काही होत नाही. भीती टर्बोची होती. समोरचा दाब अचानक गेला की ते बेलगाम फिरतात, आणि चाकं सिरॅमिकची.

शाचोंनी होजकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी निवेपर्यंत थांबले, मग एक्झॉस्टचा पुढचा पाइप उतरवायला घेतला. मी टॉर्च धरला होता. हात थरथरत होता, आरशातला उजेड हलत होता. त्यांनी माझं मनगट धरून स्थिर केलं आणि एकेक पातं बघितलं. दोन्ही टर्बोंचं. पाती शाबूत होती. कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या) बाजूनं बोटानं शाफ्टची ढिलाई तपासली, तीही ठीक निघाली. हे सगळं व्हायला दोन तास लागले.

मग ते म्हणाले, "यातल्या तुझ्या रेघा कुठल्या?"

मी दाखवल्या. अकरा होत्या.

त्यांनी थिनरचं फडकं दिलं. "पूस."

"बाकीच्या दहा नीट आवळल्यात," मी म्हणालो.

"असतीलही. पण आता मला ते रेघ बघून कळत नाही."

अकराही पुसल्या. सगळं पुन्हा उघडलं, स्वच्छ केलं, आवळलं. सीनियर शेजारी उभा राहिला, पण त्यानं हात लावला नाही. प्रत्येक रेघ ओढताना मी थांबून स्वतःला विचारत होतो, याबद्दल खात्री आहे का?

सहा वाजता गाडीचा मालक आला. मी मनात जपानी वाक्य जुळवत होतो, तोवर शाचो पुढे झाले आणि कमरेत वाकले. "चूक आमच्याकडून झाली. टर्बो तपासलेत, सुरक्षित आहेत." माझं नाव नाही, शिकाऊ मुलगा म्हणून सबब नाही. साठीच्या घरातला तो माणूस माझ्या एका आळसासाठी वाकून उभा होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन वाकलो. खाली फरशीवर त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती, त्यांवर सकाळच्या काळ्या पाण्याचे डाग होते. तेवढंच आठवतं. कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री साडेआठला तिसरा रन झाला. आकडा 350 च्या किंचित अलीकडे थांबला, हेडफोनमध्ये नॉकिंग नाही. जास्तीच्या तासांचे आणि नव्या गॅस्केटचे पैसे शाचोंनी घेतले नाहीत.

रविवारी मी सर्किटवर गेलो. जा असं कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्या फेरीहून गाडी पिटमध्ये आली तेव्हा मालकानं बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. उष्णतेची लाट तोंडावर आली. मी टॉर्च मारला. होज जागेवर होता, क्लिपेवरची रेघ सलग होती. मी मान हलवली, त्यानं बॉनेट लावलं आणि पुन्हा ट्रॅकवर निघाला.