डावा कान

उजव्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची लेक दोन वर्षांची होती. डाव्याचं झालं तेव्हा तिला सहा पूर्ण झाली होती. मधल्या चार वर्षांबद्दल मला बोलायचंय.

केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून एका कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, म्हणजे ऐकू न येणाऱ्या कानात ऑपरेशनने बसवलेलं, आवाज विजेच्या संकेतांनी थेट कानाच्या नसेला पोचवणारं यंत्र. ते मिळालं म्हणून माझी मुलगी बोलते, हे मी कधीच विसरणार नाही. दुसऱ्या कानाचे लाखो रुपये मात्र आपले आपण उभे करायचे. त्यात एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘एका कानावर छान चाललंय की, दुसरा कशाला?’ आम्हाला ते पटलं. पोरगी चौथ्या वर्षी आजीशी कडाकडा भांडत होती, आणखी काय हवं?

पण हाक मारली की ती जागच्या जागी गोल फिरायची. कोण बोललं ते एकेकाचे चेहरे बघून शोधायची. लपंडावात राज्य कायम तिच्यावरच. एकदा बाजारात मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. तो तिला नीट ऐकू आला, पण कुठल्या बाजूला सरकायचं ते कळेना, म्हणून तिथेच उभी राहिली. त्या रात्री आम्ही दोघांनी दागिन्यांचा विषय काढला.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला मोठा लागतो. उजव्याला डोक्याचा आडोसा येतो, म्हणून तिकडे तो बारीक पोचतो. इम्प्लांटवर ऐकताना मेंदू मुख्यतः या फरकावरून दिशा ओळखतो. एकच कान असेल तर फरक कशाशी करणार?

ऑपरेशननंतर दुसऱ्या कानाचं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं, म्हणजे स्विच ऑन झालं, आणि ती रडायलाच लागली. ‘नुसतं टिक टिक वाजतंय, काढ.’ चार वर्षं मेंदूने सगळी भिस्त उजव्यावर ठेवली होती. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं होतं, की एकाच कानावर दीड वर्षाहून जास्त काळ गेला तर मेंदू त्या कानाकडे झुकतो. इंग्लंडमध्ये तर लहान मुलांचे दोन्ही कान एकाच वेळी करावेत, अशी शिफारस २००९ सालीच झाली होती. हे मला फार उशिरा समजलं आणि आजही त्याचं वाईट वाटतं.

मग रोज अर्धा तास उजवं मशीन, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, काढायचं, डावं एकटं ठेवायचं. मी तोंडापुढे पदर धरून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचे. आ आणि ऊ लवकर जमले. ‘स’ला मात्र चार महिने लागले. एकदा डावं मशीन कुठेच सापडेना. संध्याकाळी भाताला तांदूळ काढताना माप कशाला तरी अडलं, बघते तर तळाशी मशीन. मी ओरडले नाही. तांदूळ झटकले, मशीनची डोक्याला चिकटणारी चकती, म्हणजे कॉइल, पुसली आणि तिच्या डोक्याला लावली.

आज ती नऊ वर्षांची आहे. ओठ झाकून, शांत खोलीत, एकट्या डाव्यावर दहातले पाच-सहा शब्द ओळखते, उजव्यावर नऊ. डावा उजव्याच्या बरोबरीला आलेला नाही, बहुतेक येणारही नाही. पण पंखा चालू असताना दोन्ही मशीनवर तिला जेवढं कळतं, तेवढं एकट्या उजव्यावर कळत नाही. टाळी डावीकडे वाजली की उजवीकडे, हे ती जवळजवळ कधीच चुकत नाही. पुढे की मागे, यात अजून गोंधळते.

नव्या आई-बाबांचे मला फोन येतात. जमत असेल तर दोन्ही कान एकदम करा, असंच मी सांगते. नसेल जमत तर मधलं अंतर वाढू देऊ नका. आणि दुसऱ्या कानात थोडंही ऐकू येत असेल तर तोवर त्यात श्रवणयंत्र घालाच, तो कान गप्प ठेवू नका.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत शाळेतून बाईंचा फोन आला. डाव्या मशीनची बॅटरी संपली होती. उजवं चालू होतं, वर्ग बाईंच्या समोरच्या बाकावरून ऐकता आला असता. पण लेकीने बाईंच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘आई, डावीकडची पोरं गेली. बॅटरी घेऊन ये.’