बो रोडवरचं बंद हॉस्पिटल

लंडन, ऑगस्ट 2013. रात्र.

सेंट क्लेमेंट्स या बंद हॉस्पिटलात आज शिरायला मिळालं. एरवी फाटकाला कुलूप असतं. सध्या शफल महोत्सवासाठी आवार उघडलंय, सिनेमे दाखवतायत. सिनेमा मी पाहिलाच नाही. उजेड होता तोवर कॅमेरा घेऊन भिंतींच्या कडेकडेने हिंडत राहिलो.

रस्त्यावरून बघणाऱ्याला हे पूर्वी वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा, होतं असं सांगूनही पटणार नाही. गरिबांच्या मदतीचा कारभार बघणाऱ्या सिटी ऑफ लंडन युनियनने 1849 मध्ये ते उघडलं तेव्हा 55 हजार पौंडांच्या वर खर्च झाला होता. जेवणाचा भलामोठा हॉल, संगमरवरी खांब, प्रार्थनागृहाला रंगीत काचा, हिवाळ्यात इमारत उबदार ठेवायची सोयसुद्धा. गरिबांसाठी केवढा थाट! पण गरिबांच्या मदतीबद्दलच्या 1834 च्या इंग्लंडमधल्या कायद्यामागचं तत्त्व असं, की आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्याहूनही नकोसं असायला हवं, नाहीतर लोक फुकट खायला रांग लावतील. म्हणून वर्कहाऊसात नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. कामं काय, तर डांबर लागलेले जुने दोरखंड बोटांनी उसवायचे, नाहीतर दगड फोडायचे.

दगड फोडणं म्हटलं की मला आजी आठवते. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथे मिळालेली सुकडी आणि तो लाल मिलो (परदेशी ज्वारी) यांच्याबद्दल ती शेवटपर्यंत तोंड वाकडं करून बोलायची, कामाबद्दल मात्र नाही. मजुरी मिळत होती आणि रात्री सगळे आपल्याच घरी असायचे. फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा. त्याआधीच्या, 1877 च्या दुष्काळात मात्र इंग्रजांनी हेच वर्कहाऊसचं डोकं आपल्याकडे चालवलं होतं. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्यावर कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मदत इतकी कडू करायची की अगदी मरायला टेकलेलाच ती मागेल, हा हिशोब बो रोडवर आणि दख्खनमध्ये एकच.

फोटोंचं म्हणाल तर निम्मे पुसून टाकले. पोपडे धरलेला हिरवट रंग, फुटक्या काचेतून आलेली तिरीप, ओसाड पॅसेज. छान दिसतात, आणि तिथेच खटकतं. असे फोटो कुठल्याही पडक्या इमारतीत निघतात. ठेवले ते साधे: दारावरचे वॉर्डचे नंबर, भिंतीतून बाहेर आलेल्या तारा, खिडक्यांना नंतर बसवलेल्या अडसरांची जवळून घेतलेली चित्रं. 1874 मध्ये इथे आजाऱ्यांचा दवाखाना आला, 1936 मध्ये सेंट क्लेमेंट्स हे नाव पडलं, 1959 पासून फक्त मनोरुग्ण. 2005 मध्ये बंद. वर्कहाऊसची खरी खूण शोधायची तर अंगणांची मांडणी बघावी. कोण कुणाला दिसू नये याची काळजी विटांमध्येच घेतलेली असते.

वर्कहाऊस कागदोपत्री 1930 ला गेली, 1948 ला यातल्या कितीतरी इमारती राष्ट्रीय आरोग्य सेवेत आल्या. तरी म्हातारी माणसं तिथे भरती व्हायला घाबरायची. भीती उगाच नव्हती. 1832 च्या कायद्याने वर्कहाऊसातलं बेवारस प्रेत चिरफाडीसाठी वैद्यकीय शाळांकडे देता येत होतं. आणि 1904 पासून तिथे जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर वर्कहाऊसचं नाव न लिहिता नुसता रस्त्याचा पत्ता घालायला सुरुवात झाली, म्हणजे पोराला जन्मभर टोमणे नकोत. सरकारलाही कळत होतं तर!

(जाता जाता: 1931 मध्ये गोलमेज परिषदेला आलेले गांधी इथून चालत जाता येईल अशा किंग्जली हॉलमध्ये राहिले होते. हॉटेल नको, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतच राहीन म्हणाले.)

आता इथे घरं होणार आहेत. त्यातली थोडी एका सामुदायिक ट्रस्टकडे, आणि त्यांची किंमत बाजारभावावर न ठरता या भागातल्या माणसाच्या सर्वसाधारण पगारावर ठरायची आहे. लंडनमध्ये हे ऐकून मी दोनदा विचारून खात्री केली. बाकीची अर्थात बाजारभावानेच जातील. मागच्या बाजूचे फोटो अजून राहिलेत. तिकडे टॉवर हॅमलेट्सचं जुनं कब्रस्तान आहे, झाडी दाट आहे, पण सकाळच्या उजेडात तिथून मागची भिंत सबंध येईल असं वाटतं. उद्या ट्रायपॉड न्यायचा.