सोळा दारे

आई पहिल्यांदा डब्लिनला आली तेव्हा मी तिला मोठ्या कौतुकाने ग्रँड कॅनॉल डॉकचा परिसर दाखवायला नेले, कारण माझे ऑफिस तिथे आहे आणि परदेशात आपण काहीतरी बरे करतो आहोत हे आईवडिलांना पटवून देण्यासाठी काचेच्या इमारतींइतका सोयीचा पुरावा दुसरा नाही. डॅनियल लिबेस्किंडच्या आराखड्यावरून उभे राहिलेले तिरप्या काचांचे नाट्यगृह, त्यासमोरच्या चौकात वाकडेतिकडे रोवलेले लाल खांब आणि जुन्या गोदीच्या पाण्यात हलणारी सगळ्या इमारतींची प्रतिबिंबे आईने शांतपणे पाहिली. मग एका इमारतीचे मजले तिने बोट वर करून मोजले, मान खाली आणली आणि विचारले, "अगं, पण हिला दार कुठे आहे?"

दार अर्थातच होते. कोपऱ्याला वळसा घालून गेले की गोल फिरणारे काचेचे दार लागते, त्याच्या आत दुसरे दार असते आणि ते गळ्यातले कार्ड दाखवल्यावर उघडते. रस्त्याच्या बाजूला मात्र शंभरएक पावले चालत गेले तरी नुसती काच होती आणि काचेत आम्ही दोघी दिसत होतो. त्या दिवसापासून मला दारे मोजण्याची सवय लागली. ती काही फारशी अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण रोज चाळीस मिनिटे चालणाऱ्या माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

माझी वाट त्या चाळ्याला फार अनुकूल आहे. रॅनेलामधल्या भाड्याच्या घरातून निघायचे, लीसन स्ट्रीटच्या पुलावरून कालवा ओलांडायचा आणि फिट्झविल्यम प्लेसला वळायचे, म्हणजे मग मेरियन स्क्वेअरची पूर्वेकडची बाजू संपून समोर प्रसूतिगृहाची इमारत येईपर्यंत रस्ता सरळच्या सरळ जातो. दोन्ही बाजूंना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला बांधलेली विटांची ज्यॉर्जियन, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या शैलीची, घरे आहेत आणि मागे वळून पाहिले तर रस्त्याच्या टोकाला डब्लिनचे डोंगर दिसतात. ही घरे अंगाने अगदी साधी आहेत. भिंतीवर नक्षी नाही, सज्जे असलेच तर लोखंडी आणि बारीक, खिडक्या एकाखाली एक मुकाट उभ्या. जी काय हौस आहे ती सगळी दाराशी केलेली आहे. दारावर अर्धवर्तुळाकार पंखाच्या आकाराची खिडकी, दोन्ही बाजूंना खांब, पितळी कडी, पायरीशेजारी बुटाचा चिखल खरवडण्यासाठी रोवलेली लोखंडी पट्टी आणि शेजाऱ्याच्या दाराशी मुद्दाम न जुळवलेला रंग. व्हिक्टोरिया राणी वारली तेव्हा दारे काळी करा असा हुकूम आला आणि डब्लिनकरांनी ती चिडून रंगीत केली, असे पर्यटकांना फिरवणारे वाटाडे सांगतात. ही कथा खरी असण्यापेक्षा खरी असावीशी वाटणारी आहे. दाराखालच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या आहेत. 'उंबरठे झिजवणे' हा वाक्प्रचार मी लहानपणापासून वापरत आले होते, पण झिजलेला उंबरठा इतक्या ठळकपणे पाहिला तो इथे. या शहरात भाड्याची खोली शोधताना माझ्या वाट्याचे झिजवणे मीही केले, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

या सरळ रांगेत फिट्झविल्यम स्ट्रीटच्या खालच्या भागात एके ठिकाणी माझी मोजणी चुकते. १९६५ मध्ये ईएसबी या सरकारी वीज मंडळाने आपल्या मुख्य कार्यालयासाठी इथली ओळीने सोळा घरे पाडली. ती पाडू नयेत म्हणून बराच विरोध झाला होता. त्यावर मंडळाने जॉन समरसन या नामवंत इंग्रज वास्तु-इतिहासकाराचे मत मागवले आणि या रांगेत कलात्मक एकसंधता अशी काही नाही, ही नुसती एकामागून एक आलेली घरे आहेत, अशा अर्थाचा निर्वाळा त्यांनी दिला. मला या निर्वाळ्याचे नेहमी नवल वाटते, कारण वर्णन तंतोतंत बरोबर आहे आणि निष्कर्ष तेवढा उलटा काढलेला आहे. एकामागून एक घरे येणे हाच तर त्या रस्त्याचा गुण होता. सॅम स्टीफन्सन आणि आर्थर गिब्नी या तरुण वास्तुविशारदांनी तिथे तपकिरी काँक्रीटची लांबच लांब इमारत उभी केली. तिच्या खिडक्यांची उभी लय शेजारच्या घरांशी मिळतीजुळती होती आणि उंचीही फार वाढवलेली नव्हती. म्हणजे त्या दोघांनी शेजारधर्म पाळला नाही असे म्हणता येणार नाही. पण सोळा दारे गेली ती गेली. मी इथे नव्याने आले तेव्हा ती इमारत अजून उभी होती आणि तिच्यासमोरून जाताना पावले आपोआप भरभर पडत, कारण थांबून पाहावे असे डोळ्यांच्या पातळीवर तिथे काही नव्हते.

गंमत म्हणजे हे कार्यालय बांधून झाले त्याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या रंगीत दारांचे पोस्टर पर्यटनाच्या जाहिरातीसाठी अमेरिकेत निघाले आणि जगभर पोचले. आज ते विमानतळावरच्या दुकानात चुंबकावर, कपावर आणि भांडी पुसायच्या फडक्यावर मिळते. आईनेही पुण्याला नेण्यासाठी चार चुंबक घेतले.

जुन्या दारांचे गोडवे गाताना मला एक गोष्ट स्वतःला वारंवार बजावावी लागते. लिफी नदीच्या उत्तरेला हेन्रिएटा स्ट्रीटवर १४ क्रमांकाचे घर आहे. सरदारघराण्यासाठी बांधलेल्या त्या घरात १९११च्या जनगणनेच्या वेळी शंभर माणसे राहत होती. २०१८ मध्ये तिथे संग्रहालय झाले. आत गेल्यावर दिवाणखान्यांचे फळ्या मारून केलेले तुकडे दिसतात आणि चाळीत वाढलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. माझ्या वाटेपासून अगदी जवळ असलेल्या फेनियन स्ट्रीटवर जून १९६३ मध्ये अशीच मोडकळीस आलेली घरे कोसळली आणि दोन लहान मुली दगावल्या. त्याआधी दहाच दिवसांपूर्वी बोल्टन स्ट्रीटवरही दोन माणसे गेली होती. त्यानंतर धोकादायक ठरवलेल्या इमारतींवर हातोडे पडू लागले आणि त्या धुरळ्यात पाडण्याची गरज नसलेलीही पुष्कळ घरे गेली. शिवाय या घरांवर ब्रिटिश अमलाची सावली होती. ती वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांची एका मंत्र्यांनी १९७० मध्ये संसदेत उमराव मंडळी आणि डावे विचारवंत यांची युती म्हणून खिल्ली उडवली होती. आणि खोलात शिरायचेच तर ज्यॉर्जियन डब्लिन हाही एक पुनर्विकासच होता. १७५७ मध्ये रुंद रस्त्यांसाठी आयोग नेमला गेला आणि त्याने मध्ययुगीन बोळांमधून सरळ रेघा मारल्या. तेव्हा किती दारे गेली, ती मोजायला कोणी नव्हते.

ईएसबीने स्टीफन्सन-गिब्नींची इमारत २०१७च्या सुमारास पाडायला घेतली तेव्हा जुन्या सोळा घरांचे दर्शनी भाग होते तसे पुन्हा उभारावेत असा एक सूर होता. मला तेव्हा तोच बरोबर वाटला होता, पण आता वाटत नाही. तसा प्रयोग जवळच ह्यूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर झालेला आहे. तिथली ज्यॉर्जियन घरे पाडू नयेत म्हणून १९६९च्या डिसेंबरपासून वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आत ठाण मांडून बसले होते. पुढे तडजोड झाली आणि नव्या कार्यालयांना ज्यॉर्जियन चेहरे चढवण्यात आले. अशा चेहऱ्यामागे काय असते ते मी शहरातल्या दुसऱ्या एका इमारतीत, एका कामासाठी गेले असताना पाहिले. बाहेरून चार दारे, चारींना चकचकीत रंग आणि पितळी कड्या. मी आपली पत्त्यावरच्या क्रमांकाच्या दारासमोर उभी राहून कडी वाजवत राहिले. शेवटी आतल्या माणसाला दया आली आणि त्याने खिडकीतून खूण करून सांगितले की हे दार उघडत नाही, मागच्या अंगाने या. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग ते मोजू नकोस." तेव्हापासून मोजणीचा नियम ठरला.

फिट्झविल्यम स्ट्रीटची नवी इमारत ग्राफ्टन आर्किटेक्ट्स आणि ओमाहनी पाइक यांनी मिळून केलेली आहे. ग्राफ्टनच्या यव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा यांना २०२० मध्ये वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. त्यांनी नक्कल केली नाही. विटा वापरल्या, खिडक्या उभट ठेवल्या, भिंत कुठे पुढे काढली, कुठे आत घेतली, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यावर सावल्या पडतात आणि त्या शेजारच्या जुन्या घरांवरच्या सावल्यांच्या मापाच्या वाटतात. तिच्यासमोरून जाताना माझी चाल आता मंदावते. ते सोळा उंबरठे परत आलेले नाहीत आणि एका कार्यालयाला सोळा घरांसारखे वागायला लावणे कोणत्याही वास्तुविशारदाच्या हातातले काम नव्हे. तरीही हे उत्तर प्रामाणिक आहे.

इथल्या लोकांचा नव्या इमारतींवरचा राग बहुधा उंचीच्या नावाने व्यक्त होतो. मुंबई पाहिलेल्या माणसाला त्याचे हसू येते, कारण ज्या कॅपिटल डॉकच्या मनोऱ्याची डब्लिनमध्ये उंच म्हणून चर्चा झाली तो बावीस मजल्यांचा, ७९ मीटरचा आहे. १९६५ मध्ये पुरे झालेल्या सोळा मजली लिबर्टी हॉल या कामगार संघटनेच्या इमारतीला लोकांनी वर्षानुवर्षे नावे ठेवली. आणि ती पाडून तिथे अधिक उंच इमारत बांधण्याची परवानगी २०१२ मध्ये नाकारली गेली तेव्हा पुष्कळांना बरेच वाटले. उंचीची सवय होते. सवय होत नाही ती तळमजल्याच्या मुकेपणाची. इथल्या घरांच्या जाहिरातींत 'ओन-डोअर' असा एक शब्द असतो. सामायिक लॉबी, लिफ्ट आणि लांबलचक मार्गिका न ओलांडता ज्याचे दार थेट रस्त्यावर उघडते असे घर, असा त्याचा अर्थ. म्हणजे स्वतःचे दार ही आता जाहिरातीत वेगळी सांगण्याची सोय झाली आहे.

डब्लिनबाहेर गोष्ट आणखी निराळी होते. कॉर्कमध्ये २००८ मध्ये एलिझियन नावाचा सतरा मजली मनोरा उभा राहिला, त्याच वर्षी बाजार कोसळला आणि त्यातली बरीचशी घरे काही वर्षे रिकामी पडून राहिली. कॉर्ककरांनी त्याला 'आयडल टॉवर', म्हणजे रिकामा बसलेला मनोरा, म्हटले. पॅरिसच्या आयफेल टॉवरवरचा हा श्लेष कोणत्याही पुणेरी पाटीच्या तोडीचा आहे. पण मला त्या मनोऱ्यापेक्षा तिथल्या जुन्या बाजारपेठेतल्या घरांचे जास्त वाईट वाटते. कॉर्क काय किंवा लिमरिक काय, दुकानांच्या वरचे मजले ओस पडलेले दिसतात, आणि त्याचे एक कारण अगदी दारातच आहे. दुकानाला दर्शनी जागा वाढवून हवी होती म्हणून कित्येक ठिकाणी शेजारचे अरुंद दार आणि त्यामागचा जिना काढून टाकला गेला. आता वरच्या खोल्या शाबूत आहेत, खिडक्या आहेत, कौलांखाली कबुतरेही आहेत, पण वर जायला वाट नाही. देशभर माणसे घरांसाठी रांगा लावून उभी असताना भर बाजारात डोक्यावर घरे आहेत आणि त्यांना दार नाही. नव्या मनोऱ्यांवर इतके तावातावाने बोलणारी मंडळी या हरवलेल्या जिन्यांबद्दल फारशी बोलत नाहीत.

आईला दाराचा प्रश्न का पडला ते मला उशिरा उमगले. तिचे माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यातले. वाड्याच्या मोठ्या दरवाजात लहान दिंडी दरवाजा होता आणि रात्री उशिरा येणाऱ्याला वाकून आत यावे लागे, त्यामुळे कोण किती वाजता आले ते साऱ्या वाड्याला कळे. पुनर्विकासात प्रत्येकाला ब्लॉक मिळाला, संडास घरात आला, कोणाचीच तक्रार नाही. आईचीही नाही. फक्त तिथे गेल्यावर लिफ्टपाशी उभी राहून ती क्षणभर इकडेतिकडे बघते, एवढे मी पाहिलेले आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वाटेवरच्या एका घरासमोर दुरुस्तीसाठी प्लायवूडचे निळे कुंपण उभे राहिले आणि त्यामागे एक चांगले पिवळे दार झाकले गेले. संध्याकाळी फोनवर मी आईला सांगितले की आजपासून एक कमी झाले.

"आत कामगार जातात कुठून मग?"

कुंपणालाच एक वेडेवाकडे दार कापलेले आहे, त्याला कडीच्या जागी सुतळी आहे आणि सकाळी मी जाते त्या वेळी हातात चहाचे कागदी कप धरलेली माणसे खांद्याने ते ढकलून आत जात असतात, असे मी म्हणाले.

"उघडतं ना? मग मोज की."