बेळगावची जोंगा थरच्या वाळूत

जोंगा, म्हणजे आपल्या सैन्यासाठी बनलेली जीपसारखी फोर-व्हील गाडी, वाळवंटात न्यायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विंच, छतावरचा कॅरिअर आणि दिव्यांची पट्टी यांच्या किमती विचारतात. आम्ही यातलं काहीच न लावता जैसलमेरच्या पलीकडे जाऊन आलो. रेडिएटर, पेट्रोलची लाइन, ब्रेक, टायर आणि वायरिंग एवढं धड असेल तर ही गाडी थरमध्ये जाते आणि आपल्या चाकांवर घरी येते. म्हणून ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नवं काही लावायच्या आधी ती जबलपूरच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करून घ्या.

आमची जोंगा एका निवृत्त सुभेदार काकांची. त्यांची उमेदीची वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, त्यातली बरीच वर्षं राजस्थानच्या सीमेवर. सैन्याने वापरातून काढलेल्या जोंगा माजी सैनिकांना मिळाल्या, त्यातलीच ही एक. निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या साठच्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून तीस वर्षं बनत होती. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे बिघडेल ते पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडता येतं, आणि माणसांपासून लांब जायचं तर याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही.

आधी कागदपत्रं. पंधरा वर्षांवरची गाडी म्हटल्यावर फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण ताजं हवंच. बेळगावची केए २२ ची पाटी राजस्थानात दिसली की चौकीवर कागद मागतात, आणि सीमेजवळ तर बारकाईने बघतात. रंगाचंही लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. हौसेने कितीही आवडला तरी खाजगी गाडीला तो देऊ नका. काकांनी गाडी मातकट रंगाची केली आणि ती वाळूत शोभून दिसते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा माझ्या हातात भलीमोठी यादी होती. काकांनी ती वाचून घडी घालून मला परत दिली. "रेडिएटर धड नसंल तर बाकी सगळं वझंच बघ. कशाला गडबड करालास? आधी तेवढं करून घे की."

रेडिएटर काढून कोअर साफ केला तर निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. बोअरच्या जड पाण्याचे हे प्रताप. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, दुसरं काही घालायचं नाही असं ठरवून टाकलं. थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवरून, मात्र वाद झाला. गाडी गरम होते म्हटलं की तो काढून फेकायची आपल्याकडे पद्धत आहे. पण वाळवंटातल्या डिसेंबरच्या रात्री कडाक्याच्या थंड असतात; थर्मोस्टॅट नसेल तर सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि तेल बराच वेळ घट्ट राहतं. गरम होण्याचं कारण बुजलेल्या कोअरमध्ये असतं, नाहीतर पंख्याच्या ढिल्या पट्ट्यात, नाहीतर दाब न धरणाऱ्या झाकणात. आम्ही थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासला, ठीक उघडतोय हे बघून परत बसवला. पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण कुठल्यातरी दुरुस्तीत गायब झालं होतं, ते नव्याने बनवून घेतलं. ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घोळवत बसतो. कमी वेगात, लो गिअरमध्ये चढताना सगळा भार पंख्यावर असतो, म्हणून या पत्र्याची किंमत मोठी.

पेट्रोलच्या लाइनवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात, आतून सुटतात. इथेनॉल चालेल अशी नळी मागून घ्या आणि कार्बोरेटरमधले डायफ्राम, वॉशरही त्याच वेळी बदला. टाकीत वर्षानुवर्षांचा गंज होता. ती उतरवून आतून धुतली, लाइनीत साधा पारदर्शक फिल्टर टाकला आणि तसले आणखी काही बरोबर घेतले.

त्यानंतर एप्रिलमध्ये गाडी गोव्याला उतरवली आणि येताना मुद्दाम भर दुपारी चोर्ला घाट चढवला. निम्म्या चढावर इंजिन खोकायला लागलं आणि थांबलं. पंपाच्या काचेच्या वाटीत नुसते बुडबुडे. नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं, थोडा वेळ थांबलो, गाडी सुरू झाली. पण वाळूत दर टेकाडाला असं थांबून भागणार नव्हतं. मिस्त्रींनी नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली, तिला उष्णतारोधक आवरण चढवलं आणि टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवला, कारण ढकललेल्या पेट्रोलची वाफ ओढलेल्यापेक्षा उशिरा होते. हा पंप कार्बोरेटरसाठीचा, कमी दाबाचाच हवा. आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीतला बसवलात तर कार्बोरेटर भरून वाहील. इंजिनवरचा मूळ पंप लाइनीतून वेगळा केला, कारण त्याचा डायफ्राम फाटला तर नवा पंप सगळं पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये ढकलेल. मूळ पंप इंजिनवरच राहू दिला. अडचणीला नळी पुन्हा जोडता येते. नव्या पंपाचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी आहे, आपत्तीत लगेच बंद करता यावं म्हणून.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकचे सगळे सिलिंडर उघडून रबरं बदलली, कारण उभ्या गाडीत ते आतून गंजतात. पुढच्या हबचे सील नवे, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस. डिफरन्शियलच्या, म्हणजे धुऱ्याच्या मधल्या गिअरपेटीच्या, श्वासनळ्या मोकळ्या करून वर नेल्या. त्या बुजल्या की तेल सीलमधून बाहेर पडतं. तेलाच्या वाटीचा मूळ एअर फिल्टर ठेवला. वाळवंटात तो रोज संध्याकाळी उघडून तळाचा गाळ काढून नवं तेल घालायचं. कागदी फिल्टर शोधत बसावं लागत नाही. इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पंख्याचा पट्टा, वरचा-खालचा होज, एक कमानपाटा आणि यू-बोल्ट जादा घेतले. कमानीच्या जुन्या बुशांच्या जागी उद्यमबागेतल्या लेथवर पितळी बुश करून घेतले. लेथची आणि ओतकामाची इतकी सोय बेळगाववाल्यांना घरच्या घरी लाभलीय, तिचा उपयोग करून घ्या.

टायरची परीक्षा अथणीकडच्या पाहुण्यांच्या शेतात झाली. उन्हाळ्यात नांगरून तापायला टाकलेलं काळं रान, ढेकळं आणि खाली भुसभुशीत. रस्त्यावरच्या ३० पीएसआयच्या हवेवर गाडी दहा पावलांत बसली. हवा १८ पर्यंत उतरवली आणि तीच गाडी त्याच रानातून लो गिअरमध्ये बांधापर्यंत गेली. टायर रुंद होण्यापेक्षा लांबीने जास्त जमिनीला लागतो, त्याने वजन पसरतं. आमचे टायर ट्यूबचे आहेत, त्यांना १५ च्या खाली नेऊ नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. हवा परत भरायचा पंप थेट बॅटरीला जोडा, इंजिन चालू ठेवून.

डिसेंबरात निघालो. कोल्हापूर, पुणे, सुरत, अहमदाबाद, मग थराद, सांचोर, बारमेर करत जैसलमेर. साधारण दीड हजार किलोमीटर. साठच्या वर गाडी पळवली नाही. महामार्गाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाडी आणि माणूस दोघांनाही दमवायचं नसेल तर बारमेरपर्यंत ट्रकवर घालून नेणं शहाणपणाचं. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका, पुढचा-मागचा धुरा एकमेकांना पीळ देतात आणि दोन्ही धुऱ्यांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस मार खाते.

जैसलमेरला पहिला दिवस परवानग्यांना ठेवा. सीमेलगतच्या काही भागांत बाहेरच्या माणसाला प्रशासनाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. कुठल्या गावापर्यंत मोकळीक आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलिसांत विचारूनच आखणी करा. डेझर्ट नॅशनल पार्कचा पसारा ३,१६२ चौरस किलोमीटर आहे आणि तो माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आता हा पक्षी दिसणं किती दुर्मीळ झालंय हे आपण जाणतो. त्या हद्दीत वाट सोडून चाक घालू नका. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, तेव्हा परदेशी प्रवाशांचं बघून तो आणू नका. सीमेजवळ ड्रोनही नको. त्याऐवजी फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या, होकायंत्र ठेवा आणि परत यायची वेळ मुक्कामाच्या घरी सांगून जा.

जैसलमेरजवळच्या खुरीपासून गावातला एक माहीतगार बरोबर घेतला आणि रोज पहाटे निघायचं ठेवलं. थंडीने आणि दवाने वाळू सकाळी जरा घट्ट असते, दुपारी ती पायाखालून सरकते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू कमी उताराची आणि दाबलेली, पाठीमागची बाजू तीस अंशांच्या वर उभी आणि मऊ. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने, सरळ रेषेत. आडवं जाल तर गाडी कलंडते. माथ्यावर पोहोचायच्या आधी वेग कमी करा, पलीकडे काय आहे ते उतरून बघा. खेजडी, म्हणजे आपली शमी, जिथे उभी आहे तिथे जमीन बहुधा टणक सापडते. विलायती बाभळीपासून मात्र लांब राहा, तिचा काटा हवा कमी केलेल्या टायरच्या कुशीत घुसतो.

एके दिवशी वारा पाठीमागून होता आणि गाडी लो गिअरमध्ये तासभर चालली. तापमानाचा काटा चढायला लागला. गाडीच्या वेगाइतकाच वारा असला की रेडिएटरला हवाच लागत नाही. बंद न करता गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, बॉनेट उघडलं, इंजिन थोडं चढं ठेवलं. हळूहळू काटा जागेवर आला. लगेच बंद केली असती तर पाणी फिरायचं थांबून उष्णता आत कोंडली असती.

रुतल्यावर काय करायचं हे काकांकडून शिकण्यासारखं आहे. चाक फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय उचलायचा. आणखी एक फेरा म्हणजे आणखी एक वीत खड्डा. गाडीचं पोट टेकलं आहे का ते वाकून बघायचं, खोऱ्याने चाकांपुढची आणि धुऱ्याखालची वाळू काढायची, पट्ट्या घालायच्या आणि आल्या वाटेने मागे यायचं, कारण ती वाळू दाबलेली असते. पट्ट्या भोकं पाडलेल्या जाड पत्र्याच्या, चार फुटी, आम्ही बेळगावातच कापून घेतल्या. जॅकखाली दीड फुटी चौकोनी जाड प्लायवूड हवंच, नाहीतर गाडी वर न येता जॅकच खाली जातो. साखळीने हिसका देऊन गाडी ओढू नका. जुन्या चासीचा हूक उखडून गोळीसारखा येतो.

पेट्रोलचा हिशेब मांडून ठेवा. रस्त्यावर लिटरला चार-पाच किलोमीटर, वाळूत त्याच्या निम्म्याने. साठ किलोमीटरच्या फेऱ्याला तीस लिटर धरा, वर निम्मं राखीव. सुटं पेट्रोल बाळगण्यावर कायद्याची मर्यादा आहे, म्हणून जेरीकॅन वाढवण्यापेक्षा फेरा लहान ठेवा. एक लोखंडी जेरीकॅन पुरे. तो काठोकाठ भरू नका आणि छतावर ठेवू नका. पाणी माणशी रोज पाच लिटर, गाडीसाठी वेगळं वीस लिटर. जेवणाची चिंता आपल्याकडच्या माणसाला नसावी: ज्वारीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, सोबत शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, आणि गोकाकचं करदंट. दुपारी चूल न पेटवता पोट भरतं.

रामगडला टाकी भरून तनोट आणि लोंगेवाला डांबरी रस्त्याने केलं. डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने इथे रणगाडे अडवले, तेव्हा जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने मोठी कामगिरी केली. आपल्या जोंगांनीही पुढे तशीच तोफ वाहिली. स्मारकाशी काकांनी गाडी लावली, उतरून टोपी नीट केली आणि सलाम केला.

परत आल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल काढून टाका, ड्रम उघडून वाळू झाडा, प्रत्येक ग्रीस निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. ज्यांच्या जोंगात डिझेल इंजिन बसवलेलं आहे त्यांना वाफेचा त्रास नाही आणि पेट्रोलचा अर्धा हिशेब सुटतो. पण तो बदल आरसीवर नोंदलेला आहे का ते निघायच्या आधी बघा, आणि मूळ रेडिएटर त्या इंजिनाला पुरतो का याची परीक्षा एप्रिलच्या दुपारी चोर्ल्यात करा.