इनामगावची पांढरी

शिक्रापूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. इनामगावात पोचून घोड नदीच्या काठाकडं चालत गेलो, तसं पायाखालचं काळं रान संपलं आणि राखाडी, भुसभुशीत माती सुरू झाली. हीच पांढरी, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीचं टेकाड. आपल्याकडं शेत ते काळी आणि वस्ती ती पांढरी. चुलीची राख, शेण, पडक्या भिंती, हाडं, खापऱ्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेल्या की मातीला हा रंग येतो. या मातीत खताचा कस असतो म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायची जुनी रीत आहे, आणि त्यात राज्यातली कितीतरी पांढरीची टेकाडं अर्धीमुर्धी होऊन गेली.

इथं उघड्या भिंती बघायला मिळतील अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. आधी पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय नीट बघा आणि मगच टेकाडावर या. क्रम उलटा केला तर समोर नुसती ढेकळं दिसतात. हिवाळ्यात या. पावसात ही काळी माती बुटाला चिकटते आणि पाऊल उचलणं जड होतं.

डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर हे त्यातले मोठे पुरातत्त्वज्ञ. १३० हून जास्त घरांच्या खुणा मिळाल्या. सर्वांत खालचा थर माळवा संस्कृतीच्या शेतकऱ्यांचा, इ. स. पू. १६०० च्या सुमाराचा. त्यावर जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा, म्हणजे आद्य जोर्वे, इ. स. पू. १४०० ते १०००. सगळ्यांत वर तिचा नंतरचा टप्पा, उत्तर जोर्वे, आणि ते इ. स. पू. ७०० च्या आसपास संपतं. 'जोर्वे' हे नाव संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या गावावरून आलं. जोर्वेची खापरी ओळखायला सोपी आहे: पातळ, लाल, वर काळ्या रंगाच्या रेषा, आणि टिचकी मारली की धातूसारखी खणकते, कारण ती भट्टीत चांगली भाजलेली असते. पण ही परीक्षा संग्रहालयात कुणी दाखवली तरच बघा. टेकाडावरची खापरी उचलू नका. ती कुठं पडली आहे यातच तिची अर्धी माहिती असते.

शेती इथं कशी जमली, हा खरा प्रश्न. या लोकांचं मुख्य धान्य सातू, म्हणजे जव. जोडीला गहू, मसूर, कुळीथ. सातू आणि गहू मूळचे पश्चिम आशियातले, हिवाळी पावसावर वाढणारे. आपल्याकडं पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, आणि या पिकांना पाणी हवं असतं त्यानंतर. यातून दोन वाटा निघतात. एक, काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बी घ्यायची. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती भेगांत पडून आपोआप खालीवर होते, त्यामुळं हलकं औतही पुरतं. जवळच्या वाळकी गावच्या जुन्या वस्तीत बैलाच्या हाडापासून केलेला फाळ मिळाला आहे. दुसरी वाट पाटाची. आद्य जोर्वे काळात इनामगावकरांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खोदला आणि त्याला दगडमातीचा बांध घातला. ही कामं एका कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हेत. कुणीतरी माणसं गोळा केली, कुणीतरी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या.

तो 'कुणीतरी' कदाचित पाच खोल्यांच्या घरात राहत होता. बाकीची घरं साधी चौकोनी, बुटक्या मातीच्या भिंतींवर कुडाची, आत चूल आणि कणगीसाठी मातीचा गोल ओटा. पाच खोल्यांच्या या घराला लागूनच धान्याचं कोठार होतं, त्यात धान्य साठवायला जमिनीत खोदलेली, चुन्यानं लिंपलेली पेवं. पेवात ओल शिरली की धान्य कुबट होतं आणि शेवटी सडतं, चुना त्यासाठीच. पेरणीपासून खळ्यापर्यंतचे महिने काढायचे, पुढच्या वर्षाचं बी राखायचं, तर पेव कोरडं राहणं नांगरटीइतकंच महत्त्वाचं.

याच घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला मिळाला. त्यात चाळिशीचा एक पुरुष बसत्या स्थितीत होता आणि त्याची पावलं शाबूत होती. हे मुद्दाम सांगायचं, कारण इथं मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली उत्तर-दक्षिण आडवं पुरत आणि पावलं घोट्याखाली तोडत. लहान मुलांसाठी तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ. मेलेल्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं तोडत असावेत, असा ढवळीकरांचा तर्क. पटतो.

आम्हाला या टेकाडावर सगळ्यांत मोलाचा वाटतो तो वरचा थर. जंगलातून शेतीकडं, शेतीतून गावाकडं, गावातून शहराकडं, अशी एकच चढती वाट आपण शाळेत शिकतो. इनामगावात ती वाट मागं वळते. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात, तीन-चार मिळून एका अंगणाभोवती. गहू जवळजवळ नाहीसा होतो. भांडी जाड, ओबडधोबड होतात. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांचा वाटा वाढतो, रानातल्या बोरांवर भिस्त वाढते. पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांनी मांडलं. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण काहीही असो, पाटाचं पाणी भरवशाचं राहिलं नाही की कळपामागं फिरणारा माणूस तगतो आणि पेवावर बसून राहिलेला उपाशी मरतो. त्यांनी निवड शहाणपणानंच केली असणार.

बघताना एक युक्ती करा. पावसानं कापलेल्या एखाद्या घळीसमोर उभं राहून राखेचे फिके आणि मातीचे गडद पट्टे खालून वर मोजत जा. सर्वांत वरचा, हाताच्या उंचीचा पट्टा दिसला की समजा, तो वस्तीच्या शेवटच्या माणसांचा. तिथून पुढं जोर्वेला जायचं असेल तर संगमनेरचा रस्ता धरा. प्रवरेकाठच्याच दायमाबाद या दुसऱ्या जुन्या वस्तीसाठी मात्र स्वतंत्र दिवस ठेवा.